केवळबाईंचा पुकारा

संपादकांनी दिवाळी अंकासाठी वकिलीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या. माझ्याकडे गमती थोड्या आहेत आणि संताप पुष्कळ आहे, हे मी त्यांना पत्राने कळवले. 'संताप चालेल, मात्र शब्दमर्यादा पाळावी,' असे त्यांचे उत्तर आले. तेव्हा या लेखाची जबाबदारी निम्मी त्यांची आहे. यातली माणसे कोण हे ओळखण्याच्या भानगडीत वाचकांनी पडू नये. नावे मी बदलली आहेत आणि ज्या न्यायमंचाच्या अध्यक्षपदावरून हे सारे घडले त्याचे नाव मुद्दाम गाळले आहे. अब्रुनुकसानीचा कायदा मला चांगला पाठ आहे, कारण त्याखालच्या नोटिसा मी केवळ लिहिलेल्या नाहीत, घेतलेल्याही आहेत.

मी नाशिकच्या न्यायालयात दिवाणी वकिली केली. दिवाणी म्हणजे जमीन, विहीर, बांध, भिंत आणि भाऊबंद. या कामात आरडाओरडा कमी आणि वाट पाहणे जास्त. उरलेला माझा वेळ पत्रलेखनात जाई. रस्ता खणून तसाच ठेवला की पत्र, निवडणुकीत कुणी कायद्याचा चुकीचा अर्थ सांगितला की पत्र. इंदिरानगरच्या आमच्या घरी सकाळी मी कागद पुढे ओढला की सौभाग्यवती म्हणत, "आधी दुधाची पिशवी आणा, मग राज्यघटना वाचवा." दोन्ही कामे मी त्याच क्रमाने केली.

पुढचे समजण्यासाठी या धंद्यातले तीन शब्द माहीत हवेत. अशील वकिलाला आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार ज्या कागदाने देतो, ते वकीलपत्र. दाव्यात काही ठरले, मिटले किंवा सोडून दिले की न्यायालयाला तसे लिहून द्यायचे, ती पुरसीस. आणि पट्टेवाला दालनाच्या दारात उभा राहून तीनदा नाव घेऊन हाक मारतो, तो पुकारा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही, तर त्याच्यावाचून काम पुढे जाऊ शकते.

आमच्याकडे दोन चाली होत्या. पहिली अशी की खेड्यातून येणाऱ्या अशिलाकडून वकीलपत्राबरोबर चारदोन कोऱ्या कागदांवरही सह्या घेऊन ठेवायच्या. कारण सांगितले जाई ते सोयीचे. नामपूरहून बाईमाणसाने एका सहीसाठी एसटीचे धक्के खात नाशिकला यावे, हे बरे दिसत नाही. मी ही चाल पाळत नसे, म्हणून माझे अशील मला कटकट्या म्हणत आणि बरेचसे शेजारच्या टेबलाकडे जात. दुसरी चाल याहून पक्की होती. आमच्यापैकी कुणाविरुद्ध कुणाची तक्रार असेल, तर तक्रारदाराचे वकीलपत्र बारमधल्या, म्हणजे आमच्या वकील संघातल्या, कुणी घ्यायचे नाही. याला आम्ही बंधुभाव म्हणत असू.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तात्यासाहेबांचे नाव त्या अध्यक्षपदासाठी पुढे आले. तात्यासाहेब आमच्यातले ज्येष्ठ, बोलायला गोड, अभ्यासाला पक्के आणि त्या वेळच्या राज्यकर्त्या पक्षाच्या जवळचे. नेमणुकीचा आदेश निघायचा बाकी होता, आणि नेमक्या त्या आठवड्यात त्यांच्याविरुद्ध केवळबाईंचा तक्रारअर्ज वर्तमानपत्रात छापून आला.

केवळबाई नामपूरच्या, बोली अहिराणी, जिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'इथे'ला 'आठे'. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत, विहिरीसकट, वाटा मिळावा म्हणून त्यांनी दोघा भावांवर दावा लावला होता. त्यांचे वकील तात्यासाहेब होते आणि भावांचा वकील मी होतो. दाव्यात एके दिवशी तडजोडीची पुरसीस दाखल झाली. बाईंनी वाटा सोडला, बदल्यात भावांनी माहेरपण सांभाळायचे, असा मजकूर होता. दावा निकाली निघाला. आता बाईंचे म्हणणे असे होते की आपण काहीही सोडलेले नाही. सही आपली आहे, पण ती केली तेव्हा कागद कोरा होता.

अर्ज छापून आला त्या दिवशी दुपारी बार रूममध्ये दिनकर माझ्या टेबलापाशी आला. दिनकर तात्यासाहेबांचा शिष्य, त्यांच्याच पक्षाचा, आणि आवाज असा की आमच्या खोलीत बोललेले पलीकडच्या सीबीएस बसस्टँडवर ऐकू जावे.

"अण्णा, या निवेदनावर सही करा. बाई पढवलेली आहे. कटकारस्थान आहे सगळं."

"तू बाईंना भेटलास?"

"भेटायचं कशाला? तात्यासाहेबांना मी वीस वर्षं ओळखतो."

"तू त्यांना ओळखतोस याने बाईंचा कागद कोरा होता की लिहिलेला होता, हे कसं ठरतं?"

तो पाय आपटत गेला. त्याच्या जागी विलास येऊन बसला. विलास विरोधी पक्षाचा, तरुण, तल्लख, खादीचा कडक झब्बा घालणारा.

"अण्णा, आमच्या निवेदनावर तुमची सही पाहिजेच. असा माणूस न्यायाच्या खुर्चीवर बसणार? बाई खोटं कशाला बोलेल?"

"तू तरी भेटलास का बाईंना?"

"सोमवारी मोर्च्यात भेटणारच आहे की!"

मी दोन्ही निवेदनांवर सही केली नाही आणि घरी येऊन संपादकांना पत्र लिहिले. त्यात लिहिले की तडजोड दाखल झाली तेव्हा बाई न्यायालयात हजर नव्हत्या, एवढे मी भर न्यायालयात पाहिले आहे. सही कोऱ्या कागदावर झाली की लिहिलेल्या, हे मी पाहिलेले नाही. ते ठरवण्याचा मार्ग एकच. कोणा निवृत्त न्यायाधीशांपुढे बाईंची साक्ष व्हावी, तात्यासाहेबांची व्हावी, दोघांनाही उलट प्रश्न विचारले जावेत. तोवर नेमणूक थांबवावी आणि तोवर तात्यासाहेबांना दोषी म्हणू नये.

या पत्राने मी दोन्ही गटांना एकाच दिवशी दुखावले. एकाने मला फितूर म्हटले, दुसऱ्याने कुंपणावरचा. माझे अशील, म्हणजे बाईंचे भाऊ, फाइल परत न्यायला आले. थोरला म्हणाला, "आमच्या पैशानं आमच्याच बहिणीची बाजू घेता व्हय?" मी कुणाची बाजू घेतलेली नाही, हे त्याला पटेना. फाइल गेली. तरीही बाईंचे वकीलपत्र मला घेता येणार नव्हते. ज्यांच्या वतीने एकदा उभे राहिलो, त्यांच्याच विरुद्ध त्याच दाव्यात उभे राहणे कायद्याला आणि शहाणपणाला मंजूर नाही.

सोमवारी मोर्चा निघाला. पुढे केवळबाई, साठीच्या, किडकिडीत, हातात कापडी पिशवी. मागे विलास आणि त्याचा पक्ष. "केवळबाई आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" ही घोषणा मी न्यायालयाच्या व्हरांड्यातून ऐकली. ट्रकवर भाषणे झाली. विलास बोलला, त्याचे नेते बोलले, महिला आघाडीच्या ताई बोलल्या. बाईंच्या गळ्यात हार घातला. त्यांना बोलायला सांगायचे मात्र राहून गेले.

मोर्चा पांगल्यावर बाई पाणी प्यायला आमच्या व्हरांड्यात आल्या. मला ओळखून थबकल्या.

"तुम्ही मन्हा भाऊंना वकील ना?"

"होतो. आता नाही. दाव्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, बाई. पण बसा."

त्या बसल्या. हार काढून पिशवीत ठेवला आणि ट्रकच्या दिशेने बघत म्हणाल्या, "आठे सगळा मन्ही बाजूथीन बोलतस. मन्हासंगे कोन्हीच बोलत नही."

मी पाण्याचा पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे धरला. 

महिन्याभरात तात्यासाहेबांचे नाव मागे पडले. चौकशी झाली नाही, साक्ष झाली नाही. वरच्या कुणाला ते अडचणीचे वाटले आणि दुसऱ्याच माणसाची नेमणूक झाली, इतकेच. विलासच्या गटाने बार रूममध्ये पेढे वाटले. दिनकरचा गट दंडाला काळ्या फिती लावून आला. दोघांच्याही लेखी प्रकरण संपले होते. ज्यांच्यावर आरोप झाला ते निर्दोष ठरले नाहीत, जिने आरोप केला ती खरी ठरली नाही, आणि जमीन जिथे होती तिथेच राहिली.

केवळबाईंनी तडजोड रद्द करण्याचा अर्ज स्वतःच दाखल केला होता. त्यावर तारखा पडू लागल्या. अर्जदाराला वकील लावण्यासाठी मुदत. पुन्हा मुदत. बाई प्रत्येक तारखेला नामपूरहून येत आणि काम पुढे ढकलले गेले की बार रूमच्या दारात उभ्या राहून विचारत, "वकील भेटी का, भाऊ?" कुणी चहा देई, कुणी परतीच्या गाडीची वेळ सांगे. वकीलपत्र कुणी घेईना, विलासही नाही. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, राजकारण वेगळं. बारची चाल मोडली तर उद्या माझ्याविरुद्ध कुणीही उठेल." मी बारच्या अध्यक्षांना या चालीविरुद्ध पत्रे लिहिली. उत्तरे आली नाहीत. पोच मात्र येत असे.

मग सरकार बदलले. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याच मंचाचे अध्यक्षपद पुन्हा रिकामे झाले आणि या वेळी विलासच्या गटातल्या एका ज्येष्ठ वकिलांचे नाव पुढे आले. त्यांना मी 'दुसरे उमेदवार' म्हणेन. लगेच मनमाडच्या एका निवृत्त रेल्वे कामगाराची तक्रार आली. घर खाली करण्याच्या दाव्यात या वकिलांनी घरमालकाशी संधान बांधले, ऐन तारखेला मुद्दाम गैरहजर राहिले आणि आपल्याविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ दिला, असे त्याचे म्हणणे होते.

यानंतर जे झाले ते मी आधी पाहिलेले होते, फक्त नट आपापले कपडे बदलून आले होते. दिनकरला एकाएकी न्यायाच्या खुर्चीच्या पावित्र्याची काळजी लागली. विलासला कटाचा वास येऊ लागला. बारची सर्वसाधारण सभा बोलावली गेली. न्यायालयाचे कामकाज संपल्यावर सगळे जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत. खिडकीत माणसे बसली.

विलास बोलायला उठला. "हा म्हातारा पढवलेला आहे. इतकी वर्षं गप्प होता, आत्ताच कसा जागा झाला? आमच्या उमेदवारांना मी वीस वर्षं ओळखतो..."

"विलासभाऊ," दारातून आवाज आला.

त्या दिवशी केवळबाईंची तारीख होती. काम नेहमीप्रमाणे पुढे गेले होते आणि नेहमीप्रमाणे त्या वकील विचारायला दारात आल्या होत्या. पिशवी तीच होती.

"मालेबी असंच म्हनेत, पढायेल शे म्हनीसन. तवय तू म्हने, बाई खोटं कशाले बोलीन? मंग आते हाऊ म्हातारा खोटा कसा व्हयना?"

दिनकरने टेबलावर थाप मारली आणि मोठ्याने हसला. "वा, केवळबाई! बोललात!"

बाई त्याच्याकडे वळल्या. "तू हसू नको. तू ते माले खोटारडी म्हने."

हसणे थांबले. 

विलास हुशार होता. सावरून म्हणाला, "ठीक आहे. चाल मोडायचीच असेल तर मोडू. केवळबाईंचं वकीलपत्र मी घेतो, अगदी फुकट."

"मग मनमाडवाल्याचं मी घेतो," दिनकर ओरडला. दोन्ही बाकांवरून टाळ्या पडल्या.

मी उठलो. माझा आवाज त्या दिवशी चढला होता, असे नंतर कळले. मी म्हणालो, "हा पुन्हा मोर्चाच झाला. तू त्याच्या माणसाला झोडपणार आणि तो तुझ्या. दोन म्हातारी माणसं तुमच्या हातातली काठी होणार. दिनकर, तात्यासाहेब निर्दोष आहेत याची तुला खात्री आहे ना?"

"शंभर टक्के!"

"मग केवळबाईंचं वकीलपत्र तू घे. तिचं सगळं म्हणणं मन लावून ऐक आणि न्यायालयापुढे ठेव. ते टिकलं नाही तर तुझ्याइतका आनंद कुणाला होईल? विलास, तूही मनमाडच्या गृहस्थांचं वकीलपत्र घे. आणि खात्री नसेल, तर दोघांनीही ही निवेदनं फाडून टाका. ज्याची तपासणी होऊ द्यायला आपण भितो, त्याला विश्वास म्हणू नये."

गोंधळ झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "अण्णांना घरी जाऊ द्या, रक्तदाब वाढलाय." दुसरे म्हणाले, "बाईंना तरी चालेल का हे? दिनकरने त्यांना जाहीर खोटं ठरवलंय." तेव्हा सगळ्यांनी दाराकडे पाहिले. बाईंना काही विचारले गेल्याची ती आमच्या बारमधली पहिली वेळ असावी.

बाईंनी दिनकरला नीट न्याहाळले. मग म्हणाल्या, "चाली. हाऊ निदान उघड बोलना. बाकीना माघारे बोलनात."

ठराव मांडला गेला. बारच्या सभासदाविरुद्ध तक्रार असलेल्या कुणालाही वकील नाकारला जाणार नाही, आणि दुसऱ्या उमेदवारांविरुद्धची तक्रार रीतसर ऐकली जावी अशी शासनाला विनंती करावी. हात वर झाले. थोड्याच हातांच्या फरकाने, पण ठराव झाला. विलासचा हात सर्वांत शेवटी वर गेला. दिनकर आणि विलासने ती वकीलपत्रे शुद्ध हेतूने घेतली, असे प्रतिज्ञेवर मी सांगणार नाही. माझ्या मते दोघेही एकमेकांसमोर मागे हटायला लाजले. कायद्याला तेवढे पुरते.

काही आठवड्यांनी दिनकर इंदिरानगरला माझ्या घरी आला. हळू आवाजात बोलत होता, त्यावरून मला काळजी वाटली.

"अण्णा, मी नामपूरला जाऊन आलो. सगळं विचारलं, उलटसुलट विचारलं. ती खोटं बोलत नाहीये."

"मग?"

"मग तात्यासाहेबांना पिंजऱ्यात उभं करून विचारावं लागेल."

"विचार की."

"ते माझे गुरू आहेत."

"म्हणून आदराने विचार."

आतून सौभाग्यवतींनी चहा आणला आणि म्हणाल्या, "दिनकरभाऊ, यांच्यासारखी पत्रं नका लिहू. तोंडावर विचारा, लवकर संपतं." त्याने दोन कप चहा घेतला आणि गेला.

मनमाडच्या गृहस्थांचे काय झाले ते आधी सांगतो, कारण ते सांगायला दोन्ही गटांना आवडत नाही. निवृत्त न्यायाधीशांपुढे त्यांचे म्हणणे ऐकले गेले. विलासने त्यांची बाजू मनापासून मांडली, हे मी स्वतः पाहिले. त्यातून असे निघाले की दुसरे उमेदवार त्या तारखेला रुग्णालयात होते आणि मुदतीचा अर्ज घेऊन पाठवलेला त्यांचा सहायक भलत्याच दालनात बसून राहिला होता. संधान नव्हते, हलगर्जी होती. म्हातारबांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे आधीच कुणी सांगितलं असतं तर मी कशाला बोंबललो असतो?" त्यांनी तक्रार मागे घेतली. दुसरे उमेदवार अध्यक्ष झाले. वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला होऊ नये, याबद्दल ते फार कडक, असे त्यांच्यापुढे काम करणारे सांगत. त्यांना पेढे न वाटता ती खुर्ची मिळाली आणि त्यांनी ती शोभवली.

तात्यासाहेब केवळबाईंच्या अर्जात साक्षीला उभे राहिले. दिनकरने खाली मान घालून, पण एकही प्रश्न न गाळता विचारले. तात्यासाहेब थकले होते. म्हणाले, "सह्या कोऱ्या कागदांवर घेत असू. सगळेच घेत. दावा बाईंच्या हयातीपलीकडे चालेल आणि माहेर मात्र तुटेल, असं मला वाटलं. तडजोड त्यांच्या भल्याची वाटली. त्यांना विचारायला हवं होतं." पैसे खाल्ल्याचा आरोप मोर्च्यात झाला होता. तो खोटा होता. कट असल्याचा आरोप निवेदनात झाला होता. तोही खोटा होता. खरे होते ते एवढेसे, आणि ते कळायला इतकी वर्षे लागली, कारण कुणालाच ते नको होते. तडजोड रद्द झाली, दावा पुन्हा चालला, आणि विहिरीच्या बाजूचा तुकडा आज बाईंच्या नावावर आहे. बारमधल्या पुष्कळांनी कोऱ्या सह्या घेणे सोडले. जे अजून घेतात त्यांची नावे मला माहीत आहेत. त्यांना पत्रे जातात.

दिनकर आणि विलास आजही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. निवडणूक आली की दोघेही पूर्वीसारखेच ओरडतात. मात्र एखाद्या नेमणुकीवरून बारमध्ये गलका सुरू झाला, की त्यांच्यापैकी एक जण हमखास विचारतो, "तक्रारदाराला भेटलं का कुणी?" हा प्रश्न माझा होता, हे ते विसरले आहेत. विसरू देत.

माझ्या नजरेसमोर राहिला आहे तो बाईंच्या साक्षीचा दिवस. मी मागच्या बाकावर बसलो होतो. केवळबाई दालनाबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून. पट्टेवाला दारात आला आणि त्याने पुकारा केला, "केवळबाईऽऽ!"

त्या हलल्या नाहीत. इतकी वर्षे पुकारा व्हायचा तो फक्त पुढची तारीख द्यायला, आणि घोषणेत ते नाव घेतले गेले तेव्हा मागे ट्रक, झेंडे, माणसे होती. त्यांनी वळून मागे पाहिले. मागे कुणी नव्हते.

दुसरा पुकारा झाला. दिनकर जवळ जाऊन म्हणाला, "बाई, तुम्हालाच बोलावताहेत."

"माले? काय कराले?"

"बोलायला."

बाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली, पदर सारखा केला, आणि सीबीएसवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेऽ भाऊ, शे! मी आठेच शे!"

तिसरा पुकारा करावा लागला नाही.